भिंगोबांचा डावा डोळा

संस्थेच्या तळमजल्यावर जिन्यामागे एक खोली आहे. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, दाराला दुहेरी पडदा, आणि मधोमध एक दगडी टेबल, रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलू नये इतकं जड. टेबलावर सूक्ष्मदर्शक. त्याच्यासमोरच्या गोल स्टुलावर वर्षानुवर्षं एकच माणूस बसत आला होता. त्याला तोंडावर सगळे 'सर' म्हणत आणि पाठ वळली की 'भिंगोबा'. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

नाव पडायला कारण होतं. वरच्या मजल्यांवर कुणी काहीही पाहिलेलं असो, माशीचा मेंदू असो की रोपट्याच्या मुळाचं टोक, भिंगोबांनी पाहून मान हलवेपर्यंत ते 'दिसलं' असं कुणी धरत नसे. मान उभी हलली की माणूस दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर जायचा. आडवी हलली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. भिंगोबांची मान बहुधा आडवीच हलायची. चटकन खूश होणाऱ्या माणसाला कुणी किंमत देत नाही, हे त्यांना नोकरी लागली त्याच वर्षी उमगलं होतं.

पाहायचे ते डाव्या डोळ्याने. त्यांच्या उमेदवारीत सूक्ष्मदर्शकाला एकच नळी असायची आणि गुरुजी कान धरून शिकवायचे: डावा डोळा भिंगाला, उजवा डोळा कागदाला. डाव्याने बघायचं, उजव्याने चित्र काढायचं. पुढे दोन नळ्यांची यंत्रं आली, कॅमेरे आले, भिंतीएवढे पडदे आले. भिंगोबांनी उजव्या नळीवर टोपण बसवलं ते कायमचं. पडद्याकडे तर ते ढुंकून बघत नसत. "पडदा खुशामतखोर असतो," ते म्हणत, "तुम्हाला हवं तेच दाखवतो." संस्थेची नियमावली तयार झाली तेव्हा निरीक्षणाचं कलम त्यांनीच सांगितलं आणि ते जसंच्या तसं उतरलं: अंतिम निरीक्षण वरिष्ठ निरीक्षकांच्या डाव्या डोळ्याने व्हावे. संचालकांना वाचताना जरा विचित्र वाटलं. पण विचित्र वाटलेलं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, नाहीतर ते संचालक झाले नसते.

या माणसाच्या दारात तीन वर्षांमागे मासोळी आली. संशोधन करून पदवी घ्यायला आलेली मुलगी; दिवसभर माशांच्या टाक्यांत कोपरापर्यंत हात, म्हणून हे नाव. तिचं म्हणणं साधं होतं. तिच्या माशांचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा काचेसारखं असतं, आत काय चाललंय ते आरपार दिसतं. वाढायला लागलं की अंग गढूळ होतं, कारण शरीरातलं पाणी प्रकाशाला एक वळण देतं आणि मांस-चरबी दुसरं. प्रकाश वाटेतच विखुरतो. कागदावर तेल सांडलं की मागची अक्षरं दिसायला लागतात ना? कागदाच्या फटींत हवेऐवजी तेल बसतं, वळणं जुळतात, कागद आरपार होतो. मेलेल्या माशाला असं आरपार करणं ही जुनीच विद्या, आणि मेलेला मासा तक्रारही करत नाही. मासोळीला ते जिवंत माशावर करायचं होतं. सरबतात घालतात तो पिवळा रंग बेताने पाण्यात मिसळला तर निळा प्रकाश गिळला जातो, पण तांबड्याची वळणं जुळून येतात आणि मासा थोडा वेळ आरपार होतो. मग साध्या पाण्यात सोडला की पुन्हा गढूळ आणि पोहायला मोकळा. प्रमाण तेवढं सांभाळायचं. रंग जास्त झाला की ते पाणी माशाच्या अंगातलं पाणी ओढून घेतं आणि मासा आक्रसून मरतो.

येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाच तिने मासा ठेवलेली पहिली काचेची ताटली आणली. भिंगोबांनी बाह्या सावरल्या, डावा डोळा नळीला लावला, चाक फिरवलं, उलटं फिरवलं.

"धूसर आहे."

"सर, वरच्या पडद्यावर तर एकदम..."

"पडदा गेला खड्ड्यात. मधे धुकं आहे. रंग वाढव."

तिने वाढवला. पुन्हा धूसर. आणखी वाढवला. चौथ्या खेपेला मासे मेले, आणि भिंगोबा म्हणाले, "आता तर जास्तच धूसर आहे."

आता आपल्यात लपवाछपवी कशाला? धुकं माशात नव्हतं, रंगात नव्हतं, यंत्रातही नव्हतं. भिंगोबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. त्यांना पत्ता लागला नाही, कारण तो डोळा ते फक्त भिंगाला लावायचे. वर्तमानपत्र, माणसं, पगाराच्या चिठ्ठीवरची बारीक अक्षरं हे सगळं उजवा डोळा बिनबोभाट निभावून नेत होता. दुसऱ्यांचं आरपार पाहण्यात हयात गेलेल्या माणसाच्या स्वतःच्याच डोळ्यातलं भिंग गढूळ व्हावं, याला काय म्हणावं!

शोध त्यांनी रीतसर घेतला, नाही असं नाही. नजरेत डाग आला तर काय करायचं याच्या तीन कसोट्या त्यांनीच अख्ख्या संस्थेला शिकवल्या होत्या. नळीवरचं भिंग जागच्या जागी फिरवा. डाग फिरला तर तो त्याच भिंगावर. ताटली सरकवा, डाग सरकला तर ताटलीत. दोन्ही झालं नाही तर डाग खालच्या भिंगावर. धुकं फिरलं नाही, सरकलं नाही. म्हणजे खालचं भिंग! ते बदललं. नवं मागवलं, त्यातही धुकं. भिंगवाल्या कंपनीला खरमरीत पत्र गेलं. कंपनीने हात जोडून दुसरं भिंग पाठवलं, त्यातही तेच. मग भिंगोबांनी हवेला धारेवर धरलं. तळमजल्यावर दुपारपर्यंत ओली फरशी पुसायला बंदी झाली. पावडर आणि अत्तर लावून येणाऱ्यांना जिन्यावरूनच परत पाठवू लागले. खोकायचं असेल त्याने अंगणात जाऊन खोकायचं.

संस्थेतल्या इतरांना धुकं दिसत होतं का? पहिल्या दिवशी नव्हतं दिसत. पण भिंगोबा एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "नवख्याला धुकं दिसत नाही. त्याला नजर कमवावी लागते." झालं! दुसऱ्या दिवसापासून जो तो नळीला डोळा लावून उसासे टाकू लागला. एकाला कडेकडेने धुकं दिसलं, एकाला मधोमध. संचालकांना तर दोन प्रकारचं दिसलं, एक वरचं आणि एक आतलं, आणि त्यांनी धुकं-निवारण समिती नेमली. समितीने बऱ्याच बैठकांनंतर ठरवलं की हे धुकं जुन्या यंत्राला पेलणारं नाही, सबब नवं मोठं यंत्र मागवावं. ज्या खोलीत एकाच्या डोळ्याला औषध हवं होतं, तिथे दहा जण धुक्यावर जगू लागले.

घरी मात्र बायकोपुढे धुक्याची मात्रा चालत नव्हती. एका डोळ्यावर संसार चालवणाऱ्याला अंतराचा अंदाज येत नाही. भिंगोबा किटलीतला चहा कपाच्या बाजूला ओतायचे आणि कपाला बोल लावायचे. टॉवेल खुंटीच्या अलीकडे अडकवायचे आणि तो पडला की म्हणायचे, खुंटी सैल झालीय.

"अहो, खुंटी तिथेच आहे. माझ्या भावाला एकदा डोळे दाखवून या," बायको टेबल पुसत म्हणाली.

"डोळे? माझे? अगं, अख्खी संस्था या डोळ्यांनी बघते. आणि तुझा भाऊ! चौकटी विकतो तो. लाल चौकट, निळी चौकट."

"चौकटी विकता विकता त्याला डोळे कळायला लागलेत. तुम्हाला फक्त मासे कळतात."

खरी गोष्ट वेगळीच होती. डोळ्याला सुरी लागणार ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. त्यांच्या वडिलांना शेवटी शेवटी दिसेनासं झालं होतं आणि ते तसेच भिंत चाचपत राहिले, पण डॉक्टरकडे गेले नाहीत. ही भीती त्यांच्याकडून वारशाने आली होती, आणि भिंगोबा तिला स्वाभिमान म्हणत.

इकडे मासोळीची मुदत संपत आली. संचालकांनी तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की शेवटची एक बैठक होईल. त्यातही धूसर निघालं तर जिवंत माशांचं काम गुंडाळायचं, टाक्या रिकाम्या करायच्या, आणि तिने घरी जायचं. पदवी नाही, काही नाही. ती मान खाली घालून हो म्हणाली. वाद घालणं तिने कधीच सोडलं होतं.

बैठकीच्या दिवशी काळ्या खोलीत खुर्च्या मांडल्या. संचालक आले, समितीचे सदस्य आले, आणि नव्या यंत्राच्या मंजुरीसाठी बाहेरून एक हिशेबनीस आले, गोल चेहऱ्याचे, बसल्या बसल्या घाम पुसणारे. मासोळी ताटली घेऊन कोपऱ्यात उभी होती. तिने कुणाला न सांगता एक केलं होतं. ताटलीत तिने अगदी पहिल्या खेपेचं सौम्य मिश्रण घातलं होतं. नापासच व्हायचंय तर निदान हा एक मासा तरी जगू दे, एवढाच तिचा विचार.

भिंगोबांनी डावा डोळा लावला आणि मान आडवी हलवली. "धुकं आहेच. ते कुठे कुठे नाही, हे मंडळींना दाखवतोच." त्यांनी वरचं भिंग फिरवलं. "फिरलं नाही." ताटली सरकवली. "सरकलं नाही." खालचं भिंग बदललं. "तसंच! म्हणजे सगळ्याच भिंगांत आहे. यंत्रच बदलायला हवं."

"आणि चौथं?" हिशेबनिसांनी विचारलं.

"चौथं काय?"

"नाही, मला यातलं काही कळत नाही. आमच्यात बेरीज चुकली की आम्ही आधी बेरीज करणाऱ्याकडे बघतो, म्हणून आपलं विचारलं."

भिंगोबा मोठ्याने हसले. "साहेब, चौथं काही नसतंच. नळीच्या वर काय असतं? मी असतो!"

बोलून गेले, आणि आपलेच शब्द त्यांनी आपल्या कानांनी ऐकले. खोलीत दुसरं कुणी हसलं नव्हतं. मग त्यांनी स्टूल जरा डावीकडे ओढलं, मान तिरकी केली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उजवा डोळा नळीला लावला.

मंद तांबूस उजेडात मासा आरपार दिसत होता. कण्याचे मणी एकाला एक लागून. हृदयाचे दोन कप्पे, एक आवळला की दुसरा फुगत होता. रक्तातल्या पेशी बारीक वाहिनीतून एकामागून एक जात होत्या आणि वळणावर थोड्या थबकत होत्या. ज्यासाठी आपण तरुणपणी या अंधाऱ्या खोलीत येऊन बसलो ते हेच, हे भिंगोबांना आठवलं.

"किती सुंदर आहे गं," ते पुटपुटले.

"धूसरच ना, सर?" संचालकांनी विचारलं.

भिंगोबांनी तोंड वर केलं. "मासोळी, आज काय बदललंस?"

"काही नाही सर. पहिल्या दिवशीचंच मिश्रण आहे."

पळवाट अजून उघडी होती. 'आज जमलं बुवा एकदाचं' एवढं म्हटलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या, श्रेयही मिळालं असतं, आणि झाकली मूठ झाकलीच राहिली असती. मोह झाला, नाही कसा? पण आताच पाहिलेलं ते हृदय डोळ्यांपुढून हलेना.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून स्वच्छच असणार. धुकं माझ्या डाव्या डोळ्यात आहे."

अशा वेळी लोक उठून उभे राहतात, हात हातात घेतात, असं आपल्याला वाटतं. तसलं काही घडलं नाही. समितीच्या पायाखालचं धुकंच कुणी काढून घेतल्यासारखं झालं. सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. संचालकांनी नियमावली मागवली, निरीक्षणाचं कलम काढलं आणि घसा साफ केला.

"सरांच्या मोठेपणाबद्दल आदर आहे. पण आजचं निरीक्षण उजव्या डोळ्याचं आहे. नियमात डावा आहे. सबब हे धरता येणार नाही. डाव्या डोळ्याला दिसलं तर विचार करू. पंधरवड्याने पुन्हा बसू, ते शेवटचं."

कलम स्वतःच सांगितलेलं, बोलणार कुणाला? भिंगोबा पडदा सारून बाहेर पडले ते तडक मेहुण्याच्या दुकानात गेले.

मेहुण्याने त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिवा डोळ्यावर मारला आणि शीळ घातली. "भाऊजी, हे काय करून ठेवलंत? डोळ्यात दूध सांडल्यासारखं झालंय. ताई दोन वर्षं डोकं फोडतेय."

"काही थेंब-बिंब घालून स्वच्छ नाही होणार? आम्ही माशांना करतो तसं?"

"माशांचं मला माहीत नाही. माणसाचं काढून टाकतात आणि प्लास्टिकचं बसवतात. घाबरलात?"

"छे!" भिंगोबा म्हणाले आणि खुर्चीचा हात सोडेनात.

ते घाबरले होते, भयंकर घाबरले होते. त्या रात्री त्यांनी बायकोला तसं सरळ सांगितलं, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच सांगितलं. ती हसली नाही. "मी बाहेर बसेन," एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवे झाले. मासोळीची पंधरवड्याची मुदत नसती तर वडिलांसारखे तेही भिंत चाचपत राहिले असते, यात शंका नाही.

शेवटच्या बैठकीला भिंगोबा काळा चष्मा लावून आले. तो काढला, डावा डोळा नळीला लावला आणि चाक फिरवलं. मग मान उभी हलली.

"आरशासारखं लख्ख. डाव्या डोळ्याने. लिहून घ्या."

संचालकांनी पुन्हा घसा साफ केला. "एक तांत्रिक अडचण आहे. डोळ्यातलं भिंग आता प्लास्टिकचं आहे. मग तो डोळा वरिष्ठ निरीक्षकांचाच, असं म्हणता येईल का?"

भिंगोबांचा पारा चढला. "असं? मग उठा सगळे! रांग लावा. ज्याने त्याने आपापल्या डोळ्यांनी बघायचं आणि काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं."

रांग लागली, पण पुढे कुणी होईना. "तसं म्हटलं तर स्वच्छ, तसं म्हटलं तर..." असं पहिला सदस्य म्हणू लागला तेवढ्यात हिशेबनीस पुढे आले. त्यांनी टोपण असलेल्या नळीत आधी पाहिलं, मग दुसरीत. "अरे वा! धडधडतंय की! मागच्या खेपेला सगळे उठल्यावर मी हळूच डोकावलो होतो, तेव्हाही असंच दिसलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"मलासुद्धा!" मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळ्यांनाच स्वच्छ दिसू लागलं, जितक्या तत्परतेने धुकं दिसलं होतं तितक्याच. संचालकांनी वारं ओळखलं. धुकं-निवारण समितीच्या अथक प्रयत्नांनी धुक्याचं पूर्ण उच्चाटन झालं असून मासोळीचं काम मान्य करण्यात येत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. पुढे धुकं होऊ नये म्हणून नवं यंत्रही मंजूर झालं. हातात हात घेऊन फोटो निघाला आणि मंडळी फराळाला वर गेली.

खाली भिंगोबा आणि मासोळी राहिले. तिने मासा साध्या पाण्यात सोडला. तो पुन्हा गढूळ झाला आणि भांड्याच्या कडेने फिरू लागला. ती त्याच्याकडे बघत होती आणि भिंगोबा तिच्याकडे. तीन वर्षांत त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. ताटलीकडेच पाहिलं होतं.

"तुला कधी दिसलं गं हे?"

"पहिल्याच ताटलीत, सर."

"मग बोलली का नाहीस, वेडे? भांडायचंस माझ्याशी!"

"बोलले होते, सर. तुम्ही म्हणालात, माझी नजर कच्ची आहे. म्हणून मग मी चष्मा केला."

तिच्या नाकावर चष्मा होता. भिंगोबांनी हात पुढे केला. तिने तो काढून दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि काचेतून दाराच्या चौकटीकडे पाहत हळूहळू हलवला, भिंगाचा माणूस नंबर बघायला हलवतो तसा. काचेला नंबर असला तर मागची रेघ तुटते, सरकते. चौकटीची रेघ तसूभर हलली नाही. पुन्हा हलवून पाहिलं. साधी काच होती.

"याला नंबर नाहीये, पोरी."

"माहीत आहे. दुकानदार म्हणालेही होते, डोळे चांगले आहेत, कशाला लावता? मीच हट्ट केला."

भिंगोबांना एवढी लाज जन्मात वाटली नव्हती. मेलेल्या माशांचं त्यांना वाईट वाटलं होतं, पण हे निराळंच होतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं. फेकून दे तो. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, मी लिहून देतो."

मासोळीने मान आडवी हलवली आणि चष्म्यासाठी हात पुढे केला.

"राहू दे, सर. आता त्याच्याशिवाय बघायची भीती वाटते."